तक्रारीत नसलेले पोहे

"पोरगी बघायला न्हाई, हप्ता बघायला आलोय आमी."

हे वाक्य एका माणसाने माझ्या घरात, आमच्या लोखंडी खाटेवर बसून, पोह्यांची बशी पुसून खाल्ल्यावर म्हटलं. मी त्याच्यासमोर उभी होते. अंगावर आईची ठेवणीतली साडी. डोक्यावर पदर. हातात पाण्याचा तांब्या. आई स्टोव्हपाशी चहा गाळत होती. ती थांबली. मी थांबले. तो मात्र शांतपणे हात धुवायला दारात गेला आणि मला म्हणाला, "वाईच पाणी घाला हातावर."

मी घातलं. हे मला पुढे कित्येक वर्षं कुणाला सांगता आलं नाही.

तो रविवार होता. पेठ वडगावहून मला बघायला पाहुणे येणार होते. मावशीने जमवलेलं स्थळ. मुलगा सूतगिरणीत कामाला, आणि बरोबर त्याचा मामा. दोघंच येतील, अकराच्या सुमाराला येतील, मोटारसायकलवर येतील, असा तिचा निरोप होता. ही माझी सहावी खेप. एकोणतीस वर्षांची झाले होते. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. उद्यमनगरात पॉलिशच्या कारखान्यात त्यांची छाती गेली होती. आई वस्तीतल्या बालवाडीत मदतनीस. मी राजारामपुरीत डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या टेबलावर. घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी.

पावणेअकराला मोटारसायकल आली. दोन माणसं उतरली. एक पस्तिशीचा, मिशीवाला. दुसरा तिशीच्या आतला, काखेत फाईल. मामा आणि भाचा म्हणून शोभतील अशी. आईने दारातूनच हाक दिली.

"या पावणं, या. घर सापडलं न्हवं?"

मिशीवाल्याने दुसऱ्याकडे पाहिलं. मग आईकडे पाहून हसला.

"सापडलं की."

आमच्याकडे कुणालाही पावणं म्हणतात. पत्ता विचारणाऱ्यालाही, एसटीत शेजारी बसलेल्यालाही. पण लग्नाची मुलगी असलेल्या घरात रविवारी सकाळी पावणं म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो. तो त्या माणसाला कळला. कळूनही तो आत आला आणि खाटेवर बसला. पायातले बूट काढले, नीट बाजूला ठेवले. त्याने भिंतीवर वडिलांचा फोटो पाहिला. त्याच्या शेजारचा निळ्या कोटातला फोटोही पाहिला. आम्ही कोण हे त्याला तिथेच समजलं असणार. कोल्हापुरात वस्ती सांगितली की आडनाव कळतं आणि आडनाव सांगितलं की उरलेलं सगळं.

मी पोहे घेऊन गेले. त्याने विचारलं, "नाव काय म्हणायचं?"

सांगितलं.

"शिक्षण?"

"बारावी."

"कामाला कुठं?"

सांगितलं.

"पगार हातात किती पडतो?"

तेही सांगितलं. बघायला आलेला प्रत्येक मुलगा किंवा त्याचा कुणीतरी हेच विचारायचा. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. उलट बरं वाटलं की रंगाबद्दल कुणी काही बोलत नाही.

"बाहीर स्कूटर हाय ती कुणाची?"

"माझीच."

"हप्त्यावर?"

"व्हय."

"हप्ते सुरळीत हायत न्हवं?"

इथे मी खोटं बोलू शकले असते. मला वाटलं, पुढे संसार करायचा तर आधी लपवाछपवी नको. मी खाली बघून म्हणाले, "दोन थकलेत. आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. पुढच्या महिन्यापासनं भरते."

इतका सरळ कबुलीजबाब त्यांना आयुष्यात कुणी दिला नसेल. फाईलवाला गालात हसला. मिशीवाला म्हणाला, "पोहे बेस झाल्यात. वाईच लिंबू हाय का?" आईने घाईने लिंबू कापलं. त्याने ते पिळलं. पुन्हा थोडे पोहे मागून घेतले. तेही संपवले. आणि मग ते वाक्य म्हणाला.

हातावर पाणी घेऊन झाल्यावर त्याचा आवाज बदलला. तो घरात उभा राहून गल्लीला ऐकू जाईल असं बोलायला लागला. फाईलवाल्याने दारात जाऊन माझं नाव, गाडीचा नंबर, थकलेली रक्कम मोठ्याने वाचून दाखवली. गल्लीतल्या बायका आधीच दारात होत्या, आमच्याकडचे पाहुणे बघायला. त्यांना बघायला मिळालं.

"नट्टापट्टा करून बसायला पैसे हायत, हप्त्याला न्हाईत," मिशीवाला म्हणाला. "आता नवऱ्याकडनं हप्ते भरून घेणार व्हय? कुठला नवरा मिळतोय बघतो मी. मंगळवारी परत येतो. तवाबी साडी नेसून बस."

आई त्याला म्हणाली, "आवो पावणं, असं काय करताय." तिच्या तोंडून तेव्हाही पावणंच आलं. तिला दुसरा शब्द सुचला नाही.

खरे पाहुणे त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी आले होते. त्यांनी गाडी थांबवली, गर्दी पाहिली, एका पोराला विचारलं, आणि गाडी वळवली. हे मावशीने नंतर सांगितलं. मी त्यांना पाहिलंसुद्धा नाही. मुलगा कसा होता मला अजून माहीत नाही.

ते दोघे गेल्यावर मी साडी बदलली. घडी घातली. बश्या घासल्या. आई कोपऱ्यात बसून होती. ती म्हणाली, "मी त्येला लिंबू दिलो." आमच्याकडे जुन्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी आलो, मी दिलो. मला तिची कीव आली आणि रागही आला. पण दोन्ही कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या घरात असल्यासारखं. रडू आलं नाही. लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं. काही वाटत नव्हतं. हाताला मुंग्या येतात आणि मग हात आपला राहत नाही, तसं सगळ्या अंगाचं झालं होतं.

मंगळवारी ते आले नाहीत. फोन यायला लागले. आमच्या घरी फोन नव्हता, म्हणून दवाखान्यात. केसपेपरच्या टेबलावर, पेशंटची रांग लागलेली असताना. रोज दोन, कधी तीन. माझ्या शेजारी बसणारी बाई रिसिव्हर माझ्या हातात देताना म्हणायची, "तुमच्या पाहुण्यांचा फोन." तिला ते कुणी सांगितलं मला कळलं नाही. गल्लीत मुलं गाडीच्या मागे पळताना ओरडायची, "पावणं आलं, पावणं आलं." डॉक्टरीणबाईंनी एकदा बोलावून शांतपणे सांगितलं की दवाखान्याचा फोन पेशंटसाठी असतो. मी मान हलवली. त्या महिन्यात मी फक्त मान हलवत होते.

मला वाटत होतं की हे असंच असतं. हप्ता थकवला म्हणजे चूक माझी. चूक माझी म्हणजे त्यांनी काहीही करावं. कुणी तसं शिकवलं नव्हतं, पण आमच्या घरात ज्याचं देणं आहे त्याच्यासमोर मान वर करायची पद्धतच नव्हती. वडील दुकानदारासमोर उभे राहायचे ते मी पाहिलं होतं. दोन्ही हात पुढे बांधून. मीही मनातल्या मनात तशीच उभी होते.

पगार झाला तसे एका हप्त्याचे पैसे घेऊन मी वसुलीवाल्यांच्या एजन्सीत गेले. शाहूपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. गाडीला कर्ज देणारी कंपनी पुण्याची, पण वसुलीचं काम तिने या लोकांना दिलेलं. मालक टेबलामागे बसला होता. पांढरा शर्ट, पांढरे बूट. काचेखाली देवांचे फोटो आणि त्यातच त्याचा स्वतःचा, तालमीच्या पोरांबरोबर. मी पैसे ठेवले. त्याने मोजले, ड्रॉवर उघडला.

"पावती?" मी विचारलं.

"पावती न्हाई मिळत. हितं नोंद होती."

मी पैशांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमची माणसं माझ्या घरात आली. गल्लीत माझं नाव वाचलं. दवाखान्यात फोन करतात. ते बंद करा."

"घरात? कुठल्या घरात?"

मी वस्तीचं नाव सांगितलं. त्याने आडनाव विचारलं. सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलला. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. हसून, समजावून सांगतात तसं म्हणाला:

"हे बघ बाई. आमची पोरं तालमीतली हायत. चांगल्या घरातली. ती तुमच्यात येऊन बसतील व्हय? उंबऱ्याच्या आत पाय टाकत न्हाईत, पाण्याचं तर सोडच. उगंच कायतरी सांगू नको."

मला पोहे आठवले. लिंबू आठवलं. पुन्हा थोडे घाला म्हणालेला तो आवाज आठवला. आणि मी ते बोलले नाही. लाज वाटली. माझ्या घरात त्याने खाल्लं याची लाज त्याला वाटायला हवी होती की मला, हे तेव्हा ठरवता आलं नाही.

अशा वेळी माणूस पेटून उठतो असं पुस्तकात असतं. माझ्यात काही पेटलं नाही. उलट सगळं थंड झालं. खूप दिवस डोक्यात जो आवाज होता, तो बंद झाला. मला अगदी साधी गोष्ट दिसली. मी यांचे पैसे देणं लागते. तेवढंच लागते. त्या देण्यात माझी आई येत नाही, माझं घर येत नाही, माझी गल्ली येत नाही. आणि हा माणूस म्हणतोय की मी जे भोगलं ते झालंच नाही, कारण आमचं घर त्याच्या लेखी घरच नाही.

मी हात पुढे केला. "पैसे परत द्या."

"का?"

"पावती न्हाई तर पैसे न्हाईत."

तो बघत राहिला. शेजारच्या टेबलावरचा कारकूनही बघायला लागला. मी हात तसाच धरून उभी होते. त्याने पैसे काढून टेबलावर टाकले. मी मोजून घेतले. पुन्हा मोजले, त्याच्यासमोर.

कोर्टाबाहेर टायपिंग करणारे एक नाना आमच्या दवाखान्यात मोतीबिंदूसाठी यायचे. म्हातारे, बारीक, सतत खोकणारे. त्यांचा केसपेपर मीच काढायची. पुढच्या वेळी आले तेव्हा रांग संपल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे पोहे सोडून सगळं. त्यांनी एका डोळ्यावर पट्टी असताना दुसऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"हप्ता थकवलाईस न्हवं? अब्रू थकवली न्हाईस," ते म्हणाले. "ग्राहक मंचात जायचं. वकील लागत न्हाई. आपलं आपण बोलायचं."

"मी कसली ग्राहक? माझ्याकडंच बाकी हाय."

"कर्ज घेतलंस, त्येचं व्याज देतीस. फुकट दिलंय व्हय त्येनी? ग्राहकच तू. बाकी असली तरी ग्राहकच."

हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात म्हणत होते. बाकी असली तरी ग्राहकच. एवढे दिवस मला कुणी एवढं साधं सांगितलं नव्हतं.

नानांनी दोन गोष्टी करायला लावल्या. एक, रोख द्यायचं बंद. हप्त्याचा डिमांड ड्राफ्ट कंपनीच्या नावाने काढायचा, रजिस्टर पोस्टाने पुण्याला पाठवायचा, पोस्टाची पावती जपायची. दुसरी, तक्रार. ती त्यांनी एका दुपारी त्यांच्या खडखडणाऱ्या मशीनवर टाईप केली. मी बोलायचे, ते कोर्टाच्या मराठीत करायचे. "सदर इसमांनी तक्रारदाराच्या राहत्या घरी बेकायदेशीर प्रवेश करून..." मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "आत येऊन काय केलं त्येनी?"

मी म्हणाले, "बसले. बोलले."

"एवढंच?"

"एवढंच."

पोहे मी लिहू दिले नाहीत. बघायला आलेला पाहुणा समजून मी वसुलीवाल्याला पोहे दिले, हे मंचावरच्या तीन अनोळखी माणसांनी वाचावं असं मला वाटेना. ते माझ्यात आणि आईतच राहू दे म्हटलं.

कंपनीचं आणि एजन्सीचं उत्तर चार महिन्यांनी आलं. दोघांचं मिळून एकच, इंग्रजीत. नानांनी मराठीत वाचून दाखवलं. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं की आमचा कोणीही माणूस तक्रारदाराच्या घरी कधीही गेलेला नाही, तक्रार खोटी आहे, हप्ते बुडवण्यासाठी रचलेली आहे. तोपर्यंत थकलेले दोन्ही हप्ते मी भरले होते. पावत्या होत्या. इंग्रजीत छापून आलं की खोटंसुद्धा भारी दिसतं.

मग तारखा. मी दवाखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घ्यायची. पगार कापला जायचा. मंचाच्या इमारतीत लाकडी बाकावर बसून राहायचं, पुकारा व्हायची वाट बघत. कधी त्यांचा वकील नसायचा. कधी अध्यक्ष रजेवर. आई विचारायची, "झालं का?" मी म्हणायची, "न्हाई." ती पुन्हा विचारायची नाही. माझ्यासाठी नवीन स्थळ आणायचं मावशीने बंद केलं होतं. कोर्टात जाणारी पोरगी म्हणून माझी ओळख झाली होती. मंच म्हणजे कोर्ट नव्हे हे मी कुणाकुणाला सांगणार?

शेवटी युक्तिवादाचा दिवस आला. पुढे अध्यक्ष, दोन्ही बाजूंना दोन सदस्य. त्यांत एक बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. मला बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि घाबरून आईच्या भाषेत सुरुवात केली. "मी घरात व्हतो, तवा ही दोघं आली..." त्यांचा वकील हसला. "व्हतो?" असं हळूच म्हणाला. मागच्या बाकावरचेही हसले. मी जे पाठ केलं होतं ते सगळं गेलं. जेमतेम चार वाक्यं बोलून खाली बसले.

मग वकील उठला. तो गोरा, गोल, छान बोलणारा माणूस होता. आधी बराच वेळ इंग्रजीत बोलला. मग मराठीत आला, कारण त्याला हसवायचं होतं. म्हणाला, "साहेब, दहशत म्हणे. अहो, दहशत बसलेली बाई असा पाहुणचार करते का? नटूनथटून, पोहे करून, वर लिंबू पिळायला देऊन, आग्रह करून पुन्हा वाढून? आम्हाला तर अशी दहशत घरीसुद्धा मिळत नाही."

सगळे हसले. अध्यक्षांच्याही ओठाचा कोपरा हलला. एजन्सीचा मालक पुढच्या बाकावर बसला होता. तो हसला नाही. त्याने वकिलाच्या कोटाची बाही ओढली.

मला आधी फक्त लाज वाटली. कान गरम झाले. झाकून ठेवलेलं ते सगळ्यांसमोर निघालं, एवढंच डोक्यात. मग मालकाचा तो बाही ओढणारा हात मला दिसला. आणि हळूहळू, जड काहीतरी ढकलावं तसं, माझं डोकं चालायला लागलं.

मी उभी राहिले. "साहेब, मला एक विचारायचंय."

"विचारा."

"माझ्या तक्रारीत पोहे कुठल्या पानावर आहेत?"

वकिलाने कागद उलटले. पुढे, मागे. पुन्हा पुढे.

"नाहीत," मी म्हणाले. "मी लिहिले नाहीत. मला लाज वाटली. मी कुणाला सांगितलेसुद्धा नाहीत. यांच्या उत्तरात चौथ्या परिच्छेदात लिहिलंय की यांचा माणूस माझ्या घरी कधी गेलाच नाही. मग पोहे कुणी खाल्ले? लिंबू यांना कुणी सांगितलं?"

हसायला कुणी उरलं नव्हतं. चष्म्यावरून बघणाऱ्या बाईंनी पेन उचललं. त्यांनी वकिलाला विचारलं, "ही माहिती आपल्याला कुणाकडून मिळाली?" वकील म्हणाला की तो फक्त बोलण्याच्या ओघात, उदाहरणादाखल. बाई म्हणाल्या, "लिंबासकट?" आणि लिहू लागल्या. अध्यक्षांनी सांगितलं की विधानाची नोंद घ्यावी. पुढची तारीख पडली.

मला जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. मालक काय म्हणाला होता ते आठवत होतं. उंबऱ्याच्या आत पाय टाकत न्हाईत. आता त्याच्याच वकिलाने भर सभेत सांगितलं होतं की पाय टाकला, बसले, खाल्लं, मागून खाल्लं. त्याला कशाची जास्त नाचक्की वाटली असेल, त्याची पोरं आली याची की त्यांनी आमच्यात खाल्लं याची, मला माहीत नाही. मला त्याच्याशी आता देणंघेणं नव्हतं.

आठ दिवसांनी मालक आमच्या दारात आला. एकटा. बाहेरच उभा राहिला. आईला "नमस्कार मावशी" म्हणाला, मला "ताई". पुण्याच्या कंपनीशी बोलणं झालंय, म्हणाला. माझे अकरा हप्ते राहिले होते. ते सगळे माफ. गाडी माझ्या नावावर मोकळी, तसा दाखला लगेच. त्याच्याजवळ टाईप केलेला कागद होता. फक्त सही हवी होती.

मी कागद वाचला. मराठीत होता. तक्रार गैरसमजातून झाली, कंपनीचा किंवा एजन्सीचा कोणीही माणूस माझ्या घरी आला नव्हता, म्हणून मी तक्रार मागे घेते.

"तुमचाच फायदा हाय, ताई," तो म्हणाला. "अकरा हप्ते म्हंजे थोडं न्हाई."

थोडं नव्हतंच. माझे कित्येक महिने त्यात होते. आई ऑपरेशननंतरही दुखतंय म्हणत होती, पुन्हा तपासणी करायची होती. तिने मला आत ओढलं.

"दे की सही. सुटशील. कशाला पायजे आता ते."

"आई, त्या दिशी दार कुणी उघडलं?"

"मी उघडलो."

"दोघं आत आले का न्हाई?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"सांग की. आलते का न्हाई?"

"आलतं," ती म्हणाली. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, "आलतं की. बसलं, खाल्लं."

"मग आले न्हाईत असं मी कसं लिहू?"

तिने माझा हात सोडला.

मी बाहेर आले. कागद त्याच्या हातात दिला. "सही करणार नाही."

"अकरा हप्ते, ताई."

"भरते."

तो म्हणाला की मी हट्टी आहे, पस्तावेन. मी दारातच उभी राहिले, तो गल्लीतून बाहेर जाईपर्यंत. बायका दारात होत्या. त्यांनी बघितलं. त्यांनी बघावं असंच मला वाटत होतं.

निकाल काय लागला, किती पैसे मिळाले, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. ते सांगायला मी हे लिहायला बसले नाही. अकरा हप्ते मी भरले. दर महिन्याला ड्राफ्ट, दर महिन्याला पोस्टाची पावती. आईची तपासणी पुढे ढकलली. शेवटचा ड्राफ्ट पाठवला तेव्हाही तक्रार चालूच होती. पोस्टातून बाहेर आले, पावती पर्समध्ये ठेवली आणि रस्त्यावर थांबून मनात नीट मांडून पाहिलं. आता मी त्यांचं एका पैशाचं देणं लागत नव्हते. ते माझं लागत होते. आणि मी एकही तारीख चुकवणार नव्हते.